अदृश्य किरणांचे भिंग : प्रस्तावना

अजिंठ्याच्या भिंतींवर आज आपणांस जे दिसते ते दोन हातांचे काम आहे. एक हात इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकापासून वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळापर्यंत, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, तेथे राबलेल्या चित्रकारांचा. आणि दुसरा, त्या चित्रांचा पुनश्च बोलबाला झाल्यानंतर, ती उजळ दिसावीत अथवा टिकून राहावीत अशा सदिच्छेने त्यांवर लेप चढविणाऱ्यांचा. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत तेथे नकला केल्या, तेव्हा रंग उठून दिसावेत म्हणून वॉर्निश वापरले गेले. पुढे निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या जीर्णोद्धारतज्ज्ञांना पाचारण केले, आणि त्यांनी निखळत चाललेला गिलावा पक्का करून चित्रांवर लाखेचा द्राव दिला. गिलावा वाचला, हे उपकार थोडे नव्हेत. परंतु लाख कालांतराने पिवळी पडते, मग तांबूस होते, तिच्यावर धूळ आणि वटवाघळांची घाण बसते, आणि ज्या चित्राच्या रक्षणासाठी ती योजिली त्याच चित्रावर तिचा पडदा पडतो. त्या पडद्यापाशी मनुष्याची दृष्टी थांबते.

प्रकाश मात्र तेथे थांबत नाही. तांबड्याच्या पलीकडचे अवरक्त किरण पिवळटलेल्या लाखेतून जवळजवळ विनाअडथळा आरपार जातात आणि खालच्या काजळीच्या रेषा घेऊन परत येतात. जांभळ्याच्या पलीकडचे अतिनील किरण त्याच लाखेत शोषले जातात, आणि त्यामुळे लेप कोठे जाड आहे, कोठे विरळ आहे, कोठे पूर्वीच्या दुरुस्तीचे ठिगळ आहे, याचा जणू नकाशाच काढून देतात. ही दोन साधने एकमेकांस पूरक आहेत, आणि त्यांचा उपयोग फिल्मवर करू इच्छिणाऱ्या मराठी छायाचित्रकारासाठी, कलासंरक्षणाच्या विद्यार्थ्यासाठी आणि नुसत्या कुतूहलाने कॅमेरा हाती घेणाऱ्यासाठीही प्रस्तुत पुस्तक सिद्ध झाले आहे. या विषयावर जे थोडेबहुत लिहिले जाते त्यात फिल्मची आणि फिल्टरची चर्चा सविस्तर असते, आणि भिंगाविषयी, फार तर त्यावरील अवरक्त फोकसच्या तांबड्या खुणेविषयी, एखादे वाक्य उरकून टाकलेले असते. हा क्रम उलटा आहे असे माझे ठाम मत आहे. अदृश्य प्रकाशाच्या छायाचित्रणात भिंगाचा प्रश्न पहिला आहे. फिल्म आणि फिल्टर यांची निवड चुकली तर चित्र मुळीच उमटत नाही आणि चूक तेथल्या तेथे उघडी पडते, परंतु भिंगाचा फोकस चुकला तर चित्र उमटते, ते मऊ आणि अस्पष्ट असते, आणि पाहणारा तो दोष भिंतीच्या जीर्णतेवर ढकलून मोकळा होतो. ज्या रेषेसाठी सारा खटाटोप केला ती रेषा भिंतीवर असूनही दफ्तरी नसल्यासारखी नोंदली जाते. पुराव्याच्या दृष्टीने याहून घातक चूक नाही.

हा प्रश्न नवा आहे असेही नाही. छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेत तो प्रत्येक छायाचित्रकाराच्या दारी उभा होता. प्रारंभीच्या चांदीच्या पत्र्यांना आणि १८५१ नंतर प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियनच्या काचांना निळा, जांभळा आणि अतिनील एवढाच प्रकाश कळत असे. पिवळा आणि तांबडा त्यांच्या लेखी काळोखच होता. छायाचित्रकार मात्र घासलेल्या काचेवर फोकस जमवी तो आपल्या डोळ्यास सर्वांत तेजस्वी भासणाऱ्या पिवळ्या-हिरव्या प्रकाशाच्या आधारे. डोळ्याचा फोकस आणि पत्र्याचा फोकस यांत अंतर पडे, आणि नेत्रांस रेखीव दिसलेला चेहरा पत्र्यावर धूसर उमटे. लंडनमध्ये स्थायिक झालेले फ्रेंच छायाचित्रकार आंत्वान क्लोदे यांनी १८४० नंतरच्या दशकात या फरकाचा पद्धतशीर अभ्यास केला, तो मोजण्याचे एक साधनही तयार केले, आणि दृश्य फोकस व रासायनिक फोकस असा भेद छायाचित्रकारांच्या अंगवळणी पाडला. पुढे भिंगे घडविणाऱ्यांनी दोन्ही फोकस एकत्र आणणारी भिंगे बाजारात आणली, प्लेटा आणि फिल्म सर्व रंगांस जाणू लागल्या, आणि तो भेद विस्मरणात गेला. अवरक्त आणि अतिनील छायाचित्रणात तोच जुना भेद परत उभा राहतो, एवढेच.

अजिंठ्यापुरते बोलायचे तर या इतिहासाचा एक धागा थेट तेथे पोहोचतो. कंपनी सरकारने मेजर रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या नकला करण्याच्या कामी १८४४ साली नेमणूक केली. त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध याच मुलखात घालविला आणि १८७९ साली भुसावळ येथे त्यांचा देह पडला. त्यांनी तैलरंगांत केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या, आणि ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या कितीतरी नकलांवर १८८५ च्या आगीत तोच प्रसंग ओढवला. गिल कॅमेराही चालवीत. त्यांनी टिपलेली पश्चिम भारतातील वास्तूंची जोडचित्रे १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. परंतु ती छायाचित्रे मुख्यत्वे वास्तूंची आहेत, भित्तिचित्रांची नव्हेत. लेण्यांच्या आतील अंधार हे त्याचे एक कारण उघडच आहे, आणि दुसरे हे की ज्या काचेस तांबडा रंग दिसतच नाही तिच्यावर गेरूने भारलेली भिंत काळ्या पाटीसारखी उमटणार. अजिंठ्याच्या रंगांचे विश्वसनीय छायाचित्रण व्हावयास निजाम संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांच्या कारकिर्दीची वाट पाहावी लागली. १९३० पासून १९५५ पर्यंत चार भागांत निघालेला त्यांचा ग्रंथ आजही प्रथम हाती घ्यावा असा आहे. पुढे १९९१ साली बिनॉय बहल यांनी अत्यल्प प्रकाशात, दीर्घ एक्स्पोजर देऊन, दृश्य रंगांची जी सफाई साधली ती सर्वांस ठाऊक आहे.

आता भिंग असे का वागते ते पाहू. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकाने पसरलेल्या वर्णपटात तांबड्याच्या बाहेर उष्णतामापक ठेवून अवरक्ताचे अस्तित्व दाखविले, आणि पुढच्याच वर्षी योहान रिटर यांनी जांभळ्याच्या बाहेर सिल्व्हर क्लोराइड अधिक त्वरेने काळवंडते हे पाहून अतिनीलाचा छडा लावला. लोलकात किरण पसरतात याचे कारण काचेचा अपवर्तनांक प्रत्येक तरंगलांबीस निराळा असतो, आणि भिंग हा शेवटी वाटोळा केलेला लोलकच होय. नेहमीच्या क्राउन काचेचा अपवर्तनांक पिवळ्या प्रकाशास सुमारे १.५१७, ८५० नॅनोमीटरच्या अवरक्तास १.५१० आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनीलास १.५३६ असतो. आकडे चिमुकले दिसतात, पण या काचेच्या एकेरी भिंगाचे नाभीय अंतर पिवळ्या प्रकाशात १०० मिलिमीटर असेल, तर अवरक्तात ते सुमारे १०१.४ आणि अतिनीलात सुमारे ९६.४ मिलिमीटर भरते. जेथे दशांश मिलिमीटरचा हिशेब चालतो तेथे हे अंतर प्रचंड आहे.

अर्थात कॅमेऱ्याला एकेरी भिंग कोणी लावीत नाही. दोन जातींच्या काचा जोडून दोन रंगांस एका बिंदूत आणण्याची युक्ती अठराव्या शतकापासून चालत आली आहे. परंतु ही तडजोड दृश्य वर्णपटाच्या मध्यभागापुरती असते. अशा जोडभिंगात वर्णपटाच्या मध्यापासून जसजसे कोणत्याही टोकाकडे जावे तसतसा फोकस भिंगापासून दूर सरकत जातो. म्हणजे एकेरी भिंगात अवरक्त आणि अतिनील परस्परविरुद्ध दिशांना जातात, तर जोडभिंगात दोघेही फिल्मच्या मागे जाऊन एकवटतात. ही गोष्ट नीट ध्यानी न घेतल्याने अतिनीलासाठी भिंग उलट दिशेने सरकविणारे अनेक जण आढळतात. सर्वसाधारण जोडभिंगाच्या बाबतीत दोन्ही प्रसंगी भिंग फिल्मपासून किंचित पुढे न्यावयाचे असते, म्हणजेच अंतराच्या पट्टीवर वस्तू आहे त्याहून जवळ आहे असे धरून चालावयाचे असते. प्रत्यक्ष माप मात्र ज्या त्या भिंगाच्या घडणीवर अवलंबून राहील.

यानंतर एक मोठा विरोध लक्षात येतो, आणि या पुस्तकाची सारी मांडणी त्यावर उभी आहे. अतिनीलाच्या बाबतीत फिल्म तयार असते, भिंग आडवे येते. अवरक्ताच्या बाबतीत भिंग वाट देते, फिल्म आंधळी असते. सिल्व्हर ब्रोमाइडला अतिनील जन्मतःच कळतो, कोणतीही कृष्णधवल फिल्म त्यास पुरते; पण नेहमीची अनेक घटकांची भिंगे, त्यांतील जड फ्लिंट काच, घटक चिकटविण्याचा डिंक आणि पृष्ठावरील लेप हे सारे मिळून ३५० ते ३८० नॅनोमीटरच्या आसपास दार लावून घेतात. उलटपक्षी काच अवरक्तास सुखाने सोडते, परंतु चांदीच्या क्षारांस ते कळावे म्हणून विशिष्ट रंगद्रव्यांचे संस्कार करावे लागतात. अमेरिकेचे रॉबर्ट वुड यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या अवरक्त निसर्गचित्रांसाठी प्रायोगिक प्लेटा आणि दीर्घ एक्स्पोजर लागले. १९३० नंतरच्या दशकात तयार अवरक्त प्लेटा आणि फिल्म बाजारात मिळू लागल्या. यांपैकी दूरवर, सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंत, पाहणारी कोडॅकची एचआयई फिल्म २००७ साली बंद झाली. आज हाती येतात त्यांपैकी इलफर्डची एसएफएक्स सुमारे ७४० पर्यंत आणि रोलाय इन्फ्रारेड त्याच्या थोडी पुढे पाहते. याचा भिंगाशी निकट संबंध आहे. भिंगावरील तांबडी खूण ज्या तरंगलांबीसाठी कोरलेली असते तीच तुमच्या फिल्मची आणि फिल्टरची असेल असे नाही. ७२० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी त्या खुणेपर्यंत पूर्ण सरकविणे म्हणजे बहुधा गरजेपेक्षा जास्त सरकविणे होय.

तांबडी खूण नसेल तेथे काय करावे याविषयी कोडॅकच्या पुस्तिकांतून चालत आलेला ठोकताळा असा की, भिंग आपल्या नाभीय अंतराच्या ०.२५ टक्के एवढे पुढे न्यावे. ५० मिलिमीटरच्या भिंगास हे ०.१२५ मिलिमीटर होते, १०५ च्या भिंगास ०.२६ आणि २०० च्या भिंगास अर्धा मिलिमीटर. आता ३५ मिलिमीटर फिल्मवर ०.०३ मिलिमीटरचा धूसरपणा चालतो असे मानले, तर एफ/८ वर फोकसला मागेपुढे ०.२४ मिलिमीटरची सवलत मिळते. म्हणजे ५० मिलिमीटरचे भिंग या सवलतीत सहज सामावते, १०५ चे काठावर बाहेर पडते आणि २०० च्या भिंगास एफ/१६ वरही ती पुरती पुरत नाही. हा झाला दूरच्या दृश्याचा हिशेब. भिंतीवरील डोळ्याच्या आकाराचा तपशील फिल्मवर मूळ मापाने घ्यावयाचा ठरला, तर हेच सरकणे चौपट होते. १०५ च्या भिंगात ते एक मिलिमीटरच्या घरात जाते, आणि सवलत मात्र जेमतेम दुप्पट झालेली असते.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला असा की, ॲपर्चर बारीक करावे म्हणजे सगळे निभावते. हा सल्ला अर्धाच खरा आहे. प्रकाश छिद्रातून जाताना पसरतो, आणि तरंगलांबी जितकी मोठी तितका अधिक पसरतो. एफ/१६ वर हिरव्या प्रकाशात बिंदूची जी चकती ०.०२१ मिलिमीटर व्यासाची असते ती ८५० नॅनोमीटरच्या अवरक्तात ०.०३३ मिलिमीटरची होते. म्हणजे धूसरपणाची जी मर्यादा आपण धरली होती ती ॲपर्चरने एकट्यानेच ओलांडली, आणि फोकसच्या चुकीला जागाच उरली नाही. एफ/२२ च्या पुढे तर रेखीवपणाची आशाच नको. यास्तव अवरक्तात काम करणाऱ्याने एफ/८ ते एफ/११ या पट्ट्यात राहावे आणि फोकस जातीने साधावा, असा या पुस्तकाचा स्पष्ट आग्रह आहे, आणि तो मला सर्वस्वी मान्य आहे. अतिनीलात हीच गोष्ट उलटी पडते. तेथे तरंगलांबी आखूड असल्याने भिंगाने साथ दिली तर दृश्य प्रकाशाहून सूक्ष्म तपशील मिळू शकतो.

फोकस जातीने साधण्याची जी रीत येथे वर्णिली आहे ती कोणासही जमण्यासारखी आहे. छापील मिलिमीटरपट्टी असलेला कागद एका फळीवर चिकटवून ती फळी भिंगाच्या अक्षाशी ४५ अंशांनी तिरपी उभी करावयाची. पट्टीवरील शून्याच्या रेघेवर, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून, भिंगकाचेने पाहत फोकस करावयाचा. मग कोणत्याही कड्यास धक्का न लावता फिल्टर चढवून त्याच उघड्या ॲपर्चरवर एक्स्पोजर द्यावयाचे. निगेटिव्ह वाळल्यावर प्रकाशपेटीवर ठेवून पाहिली की शून्य पुसट आणि त्याच्या मागची, कॅमेऱ्यापासून दूरची, एखादी रेघ खणखणीत उमटलेली आढळते. ती शून्यापासून किती दूर आहे त्यावरून भिंग किती सरकवावयाचे हे काढता येते. छपाईची शाई काजळीची असावी ही सूचना वरवर किरकोळ वाटेल, पण काही रंगीत शाया अवरक्तात चक्क नाहीशा होतात, आणि कोऱ्या कागदाचा फोटो पाहून नवशिक्या माणूस बुचकळ्यात पडतो. फिल्टर भिंगाच्या पुढे लावण्याऐवजी मागे लावला तर हिशेब पुन्हा बदलतो. दोन मिलिमीटर जाडीची काच भिंग आणि फिल्म यांच्या मध्ये आली की फोकस सुमारे ०.७ मिलिमीटर मागे सरकतो, म्हणजे ज्या दोषाचे निवारण करावयाचे त्याच्याहून मोठा दोष आपण स्वतः आणून ठेवतो.

अतिनीलाच्या भिंगांचे प्रकरण या ग्रंथातील सर्वांत श्रीमंत प्रकरण आहे, दोन्ही अर्थांनी. क्वार्ट्झ आणि फ्लोराइट ही द्रव्ये अतिनीलास दूरवर सोडतात, शिवाय फ्लोराइटमध्ये रंगांची फाकाफाक फार थोडी होते, म्हणून या दोहोंच्या मेळाने अशी भिंगे घडविता येतात की ज्यांत दृश्य प्रकाशात जमविलेला फोकस अतिनीलातही ढळत नाही. निकॉनचे १०५ मिलिमीटर एफ/४.५ यूव्ही-निक्कॉर आणि हॅसलब्लाडसाठी झाइसने घडविलेले १०५ मिलिमीटर एफ/४.३ यूव्ही-सोनार ही त्या कुळातील नामांकित भिंगे होत. त्यांची किंमत मात्र संस्थेच्या अंदाजपत्रकालाही घाम फोडणारी आहे. लेखकाने म्हणूनच सामान्य ऐपतीच्या वाचकास वाऱ्यावर सोडलेले नाही. कमी घटकांची, साध्या लेपाची जुनी भिंगे, विशेषतः डार्करूममधील एन्लार्जरची, धातूच्या बांधणीची, जशी जुनी ८० मिलिमीटरची एल-निक्कॉर, ती नजीकच्या अतिनीलात चांगली वाट देतात. बेलोजवर चढवून त्यांचा फोकस तिरप्या पट्टीने एकदा पारखून घेतला की ३६५ नॅनोमीटरच्या कामास ती पुरतात. माझ्या मते आपल्याकडे जे काम होईल ते याच मार्गाने होईल.

येथे फिल्मचा एक गुण नमूद केला पाहिजे. अतिनील सोडणारे काळे फिल्टर, कोडॅकचा १८ए असो वा शॉटचा यूजी-१, तांबड्याच्या पलीकडील थोडा प्रकाशही चोरून सोडतात. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकास तो प्रकाश उत्तम कळतो, त्यामुळे अतिनीलाच्या नावाखाली भलतेच चित्र मिळते, आणि ती गळती रोखण्यास आणखी फिल्टर लागतात. साध्या पँक्रोमॅटिक फिल्मला त्या चोरट्या प्रकाशाचा बहुतेक भाग कळतच नाही, आणि तांबड्यास आंधळ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तर मुळीच नाही. फिल्मचे आंधळेपण येथे तिच्या प्रामाणिकपणाची हमी ठरते.

आता पुन्हा भिंतीपाशी येऊ; कारण साधन कितीही नेटके असले तरी ते कशावर रोखले आहे याचे ज्ञान नसेल तर ते व्यर्थ आहे. युरोपातील ग्रंथांत अवरक्ताची थोरवी गाताना रंगाखालचे कच्चे रेखाटन प्रकट होते असे सांगितलेले असते. तेथील चित्रकार कोळशाने वा काळ्या द्रवाने रेखाटन करीत, आणि कोळसा अवरक्त गिळून टाकतो, म्हणून ते खरे आहे. अजिंठ्याच्या चित्रकाराने पहिली आखणी गेरूने केली, मग रंग भरले, आणि शेवटची रेषा काळ्या वा तपकिरी रंगाने ओढली. गेरू अवरक्तात फिका पडतो. तेव्हा अजिंठ्यात अवरक्ताकडून पहिल्या आखणीची अपेक्षा करू नये. तेथे ते आपणांस देते ती लाखेच्या पिवळ्या थराखाली बुडालेली शेवटची काळी रेषा: भुवईचा बाक, पापणीची कड, केसांच्या बटा. निळ्याच्या बाबतीत त्याची साक्ष आणखी मोलाची आहे. बदख्शानच्या खाणींतून व्यापारी मार्गांनी आलेला लाजवर्द पाचव्या शतकातील लेण्यांत वापरला गेला आहे. डोळ्यांस गडद दिसणारा हा रंग अवरक्तात लख्ख उजळतो, तर ताम्रजन्य निळा गडदच राहतो. जेथे लेप आणि काजळी यांमुळे निळा, हिरवा आणि काळा यांचा एकच चिखल दिसतो, तेथे या फरकाने रंगद्रव्याविषयी पहिला तर्क भिंतीस स्पर्श न करता बांधता येतो. तो तर्कच असतो, निर्णय नव्हे. निर्णय रसायनशास्त्राच्या हाती.

काजळीच्या बाबतीत जपून बोलले पाहिजे. लेणे क्रमांक ९ आणि १० ही सर्वांत प्राचीन. १८१९ सालच्या एप्रिलमध्ये इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याने आपले नाव कोरले ते याच दहाव्या लेण्याच्या स्तंभावर. येथील चित्रे धुराने माखलेली होती. विरळ काजळीतून अवरक्त थोडेफार मार्ग काढते, दाट काजळी त्यास पुरती गिळते, आणि तेथे कोणत्याही भिंगाची मात्रा चालत नाही. १९९९ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी, राजदेव सिंह यांच्या देखरेखीखाली, या दोन लेण्यांतील लाख आणि काजळी काही भागांवरून अत्यंत सावधपणे उतरविली, आणि जी मुखे आणि आकृती उजेडात आल्या त्यांनी भारतीय चित्रकलेच्या आरंभाविषयीची आपली समजूत समृद्ध केली. असे काम हाती घेण्यापूर्वी, चालू असताना आणि संपल्यावर तिन्ही प्रकाशांतील छायाचित्रे एकाच चौकटीत, एकाच मापाने दफ्तरी असली पाहिजेत; आणि ती एकमेकांवर ठेवून ताडून पाहता यावीत म्हणून तिन्हींचा फोकस सारखाच नेमका असला पाहिजे. फोकस बदलला की प्रतिमेचे माप किंचित बदलते हे येथे विसरून चालत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगितली पाहिजे. अतिनील किरण रंगांस बाधक आहेत, आणि अवरक्ताच्या दिव्यांची उष्णता गिलाव्यास. सर्वेक्षणाच्या लेखी परवानगीवाचून, तज्ज्ञाच्या उपस्थितीवाचून, लेण्यांत दिवा लावण्याचा विचारही कोणी करू नये. एक्स्पोजर जितकी कमी देता येतील तितकी द्यावीत. फोकस आधी घरी पारखून घेण्याचा आग्रह याही कारणास्तव आहे. ज्याची भिंगाची तयारी पुरी आहे त्यास भिंतीसमोर एकदाच दिवा लावावा लागतो, ज्याची नाही तो दहादा लावतो आणि त्याची किंमत भिंत मोजते.

लेण्यांबाहेर शिकण्यास मोकळे रान आहे. पावसाळ्यानंतर वाघोरा नदीच्या खोऱ्यावरील झाडी अवरक्तात पांढरीशुभ्र होते, कारण हिरवे पान ते किरण परतवून लावते; आकाश काळे पडते आणि बेसाल्टचा कडा मधोमध करडा उभा राहतो. देवगिरीच्या माथ्यावरून दूरवर पाहिले असता डोळ्यांस जो निळसर पडदा जाणवतो तो हवेतील रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा, आणि हे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटत असल्याने ८५० नॅनोमीटरला ते ४५० च्या सुमारे तेराव्या हिश्शावर येते. पडदा बाजूला होतो. वैशाखातल्या धुळीपुढे मात्र हा नियम हतबल आहे, धुळीचे कण फार मोठे असतात. त्याच वैशाखात अवरक्त फिल्मचा बंदोबस्त हाही मराठवाड्यातील छायाचित्रकारापुढचा खरा प्रश्न होय: चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात बंद मोटारीत ठेवलेली फिल्म धुकटून जाते, म्हणून ती शीतपेटीतून न्यावी, कॅमेऱ्यात अंधारातच भरावी, आणि जुन्या चामडी बेलोजची खातरजमा करून घ्यावी, डोळ्यास घट्ट काळे दिसणारे चामडे अवरक्तास कधी कधी आरपार सोडते.

लेखकाची भाषा सरळ आहे, गणित जेथे टाळता येत नाही तेथेच आहे, आणि प्रत्येक नियमामागचे कारण दिलेले आहे. काही ठिकाणी, विशेषतः अवरक्त दूरदर्शन-नलिकेने १९६० नंतर जी वाट उघडली आणि फिल्मच्या मर्यादेपलीकडे दोन हजार नॅनोमीटरपर्यंत नेली तिच्याविषयी, अधिक विस्तार असता तर मला आवडले असते. पण विषय फिल्मचा आहे आणि लेखकाने आपली चौकट मोडलेली नाही. पुस्तकाच्या अखेरीस नोंदवहीचा जो नमुना जोडला आहे त्यात भिंगाचे नाव व क्रमांक, फिल्टर, फिल्म, ॲपर्चर, दृश्य फोकसपासून भिंग किती सरकविले, दिव्यांचे अंतर आणि भिंतीवरील मापपट्टीची जागा असे रकाने आहेत. त्याच्या पुढच्या कोष्टकात नाभीय अंतरानुसार फोकसच्या सरकण्याचे अंदाजी आकडे दिले आहेत, आणि शेजारचा रकाना कोरा आहे. प्रत्येकाने आपल्या भिंगाची तिरप्या पट्टीवरची पारख आटोपून तो स्वतः भरावा, आणि लेण्यांत जाताना छापील आकडे नव्हे, तर त्या रकान्यातील आकडे सोबत न्यावेत.